पाणी बदलल्यावर कोरल मिटलं? आधी मोजा, मग हात घाला

परवा रात्री साडेदहाला निपाणीच्या एका पोराचा फोन आला. दोन महिन्यांचा टँक, १२० लिटरचा, आयुष्यातला पहिलाच रीफ, म्हणजे खाऱ्या पाण्याचा कोरलचा टँक. "दादा, सांजचं पाणी बदललं आणि आता सगळे झोआ (छोट्या फुलांसारखे कोरल) मिटून बसलेत, गोगलगायी काचेवरनं खाली पडालेत, अर्धं पाणी परत बदलू काय?" मी म्हटलं थांब, बादलीला हात लावू नकोस, आधी सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) किती आली ते सांग. दहा मिनिटांनी आकडा आला, २९. सकाळी ३५ होती म्हणे. मग एकेक विचारत गेलो तेव्हा उलगडलं. पाणी काढताना एटीओ (आटलेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र) चालूच राहिला होता, टँकखालच्या फिल्टरच्या संपमधली लेव्हल खाली गेली तसं त्याच्या सेन्सरला वाटलं पाणी आटलं आणि हा मधेच चहाला उठून गेला तेवढ्यात त्यानं वीसभर लिटर गोडं आरओचं पाणी आत सोडलं. नवीन खारं पाणी ओतायला आला तर टँक भरलेलाच! त्याला वाटलं आपण कमीच काढलं असणार, म्हणून बादली तशीच बाजूला ठेवली. ती भरलेली बादलीच सांगत होती काय झालंय ते.

नवीन लोकांचं नेमकं इथंच चुकतं. पाणी बदलल्यावर काही बिघडलं की घाबरून लगेच आणखी पाणी बदलायचं, वर कुठली तरी बाटली ओतायची, आणि मग मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला हे कुणालाच कळत नाही. म्हणून हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्या आपल्या लोकांसाठी, कारण इथलं पाणी, इथला पाऊस आणि इथली लाईट हे सगळं धरून सांगितलं तरच उपयोग आहे.

एक शब्द आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडं अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीला संप म्हणतात, मी मात्र संप म्हणेन तेव्हा टँकखालच्या कपाटातली फिल्टरची टाकी समजा. घराच्या संपाचा विषय पुढं वेगळा येणार आहे.

पहिली दहा मिनिटं: नुसतं बघा

बटणं बघा. रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टँकमध्ये पाठवणारा) चालू आहे का, वेव्हमेकर (टँकमधलं पाणी फिरवणारा पंखा) फिरतोय का, हीटरची पिन परत लावली का, एटीओ कुठल्या अवस्थेत आहे, स्किमरचा (फेसातनं घाण काढणारं यंत्र) कप भरून वाहतोय का. पाणी बदलताना आपण सगळं बंद करतो (करायलाच पाहिजे, हीटर पाण्याबाहेर उघडा पडून तापला आणि त्यावर गार पाणी पडलं तर काच तडकते) आणि नंतर एखादं चालू करायचं राहतं. रात्री हीटर बंद राहिला आणि डिसेंबरमधली बेळगावची थंडी असली तर सकाळी टँक २१ वर आलेला असतो. मी आता बोर्डावर एक कागदच चिकटवलाय, बंद करताना वरनं खाली आणि चालू करताना खालनं वर वाचत जायचं, एटीओ सगळ्यात शेवटी.

मग मासे बघा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर बाकी सगळं सोडा आणि आधी हवा द्या. वेव्हमेकरचं तोंड वर करा म्हणजे पृष्ठभाग ढवळला जाईल, एअरस्टोन असला तर टाका. लाईट गेली असेल तर बॅटरीवरचा एअरपंप लावा. हा पंप प्रत्येकाच्या घरात असायलाच पाहिजे, कारण पावसाळ्यात आपल्याकडं लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, आणि एवढी महागडी वस्ती आपण तिच्या भरवशावर ठेवतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बादलीत उरलेलं नवीन पाणी फेकू नका. उरलं नसेल तर पुढच्या वेळेपासून एक लिटर बाजूला काढून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवत जा. टँक बिघडला तर निम्मी उत्तरं त्या एका लिटरात असतात.

दुसरं काम: चार आकडे, टँकचे आणि बादलीचेही

तापमान, सॅलिनिटी, अल्कॅलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा), अमोनिया. याच क्रमानं. टँक २५ ते २६ अंशावर, सॅलिनिटी ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) म्हणजे हायड्रोमीटरच्या भाषेत १.०२६ च्या जवळ, अल्कॅलिनिटी ८ ते ९ डीकेएच (हे तिचं माप) आणि अमोनिया शून्य. अल्कॅलिनिटी थोडी इकडंतिकडं असली तरी चालते, ती स्थिर असणं जास्त महत्त्वाचं.

सॅलिनिटी मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर आंधळा विश्वास ठेवू नका. बरेच जण तो आरओच्या पाण्यानं शून्यावर आणतात आणि झालं म्हणतात, पण शून्यावर बरोबर असलेला ३५ वर चुकलेला असू शकतो. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशनचं पाणी छोट्या बाटलीत मिळतं, त्यावरच लावा. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग उजेडाकडं धरून बघा. प्लास्टिकचा काट्याचा हायड्रोमीटर असेल तर काट्याला चिकटलेले बुडबुडे टिचकी मारून काढा, नाहीतर काटा वर जातो, सॅलिनिटी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि तुम्ही मीठ कमी टाकता.

आता एक हिशेब सांगतो, तो शिकलात तर निम्मी भीती जाईल. समजा २०० लिटरचा टँक आणि बदललं २० लिटर, म्हणजे दहा टक्के. नवीन पाणी ३५ च्या ऐवजी ३० चं झालं तर टँक किती खाली येईल? ३४.५ वर. एवढ्यानं कोरल मरत नाही. बादलीचं पाणी गार होतं, २६ च्या जागी १८, तर टँक २५.२ वर येईल, मासे जरा दचकतील इतकंच. मिठाच्या डब्याची अल्कॅलिनिटी १२ आणि टँकची ८ असली तरी टँक ८.४ होईल. पण हेच तुम्ही निम्मं पाणी बदललं असेल तर तापमान थेट २२ आणि अल्कॅलिनिटी थेट १०. एका झटक्यात दोन डीकेएचची उडी हॅमर, अ‍ॅक्रोपोरासारख्या कोरलला सोसत नाही, टोकं पांढरी पडतात, कातडी सुटायला लागते.

म्हणजे दहा टक्के पाणी बदललं आणि तरीही टँकमध्ये हाहाकार माजला, तर सॅलिनिटी-तापमानाची छोटी चूक हे कारण बसत नाही. अशा वेळी दोनच शक्यता, एकतर कुठलं तरी यंत्र चुकलंय (त्या एटीओसारखं) किंवा पाण्यातनं विषारी काहीतरी आत आलंय.

पाणी दुधासारखं झालं तर

कधी झालं ते आठवा. ओतता ओतताच पांढरं झालं असेल आणि काचेवर, हीटरवर बारीक पांढरी भुकटी बसत असेल तर तो चुना आहे, म्हणजे मिठातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन खाली बसलंय. हे बहुतेक मीठ कालवताना होतं. बादलीत आधी मीठ टाकून वर पाणी ओतायचं नाही, आधी पाणी, त्यात पंप फिरता ठेवायचा आणि मग मीठ थोडंथोडं सोडायचं, आपण पिठलं करताना बेसन हळूहळू भुरभुरतो तसं. कोरडं मीठ थेट टँकमध्ये तर कधीच नको. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, पण शेवटी मीटर म्हणेल ते खरं.

आपल्याकडचा खास त्रास म्हणजे जून ते सप्टेंबर. खानापूर-जांबोटी बाजूला तर भिंतींनाही ओल येते, मग मिठाच्या पिशवीचं काय घेऊन बसलात. एकदा मिठात ओल शिरली की ढेकळं होतात, वजनात पाणी धरलं जातं म्हणून मोजून टाकलेलं मीठ कमी पडतं, आणि ढेकळाच्या आत चुना आधीच तयार झालेला असतो, तो काही केल्या विरघळत नाही. असं पाणी रात्रभर फिरवूनही गढूळच राहिलं आणि अल्कॅलिनिटी कमी दाखवत असलं तर ते टँकमध्ये घालू नका, जीवावर येतं पण टाकून द्या. मीठ आणल्या आणल्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आणि दर वेळी काढण्याआधी डबा आडवा करून लोळवा, कारण बारीक कण खाली आणि जाड वर असं होतं आणि प्रत्येक बादलीचं पाणी वेगळं बनतं.

चुन्याचं पांढरेपण असेल तर एक दिवस थांबा, खाली बसतं. दुसऱ्या दिवशी अल्कॅलिनिटी मोजा, कमी झाली असेल तर हळूहळू वर आणा, दिवसाला अर्ध्या ते एका डीकेएचपेक्षा जास्त नको.

पाणी ओतल्यावर स्वच्छ होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुधाळ झालं, तर ते बॅक्टेरिया आहेत. वाळू जास्त ढवळली, तळातली घाण वर आली, त्यावर ते वाढले. याचा धोका दिसण्यात नाही, ते ऑक्सिजन खातात यात आहे. स्किमर जोरात चालू ठेवा, पृष्ठभाग ढवळता ठेवा, खाद्य दोन दिवस जवळजवळ बंद. आणि वाळू ढवळताना सडक्या अंड्यासारखा वास आला असेल तर हात तिथंच थांबवा, खोल वाळूत साठलेला गॅस आहे तो, विषारी आहे. टँकमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन टाका, हवा वाढवा. पुढच्या वेळी वाळूचा एकच कोपरा साफ करायचा, सगळी एकदम नाही.

नुसते बारीक बुडबुडे असतील तर काळजी नको, संपमधली लेव्हल कमी आहे आणि रिटर्न पंप हवा ओढतोय, लेव्हल नीट केली की जातात.

स्किमर उतू जायला लागला

हे जवळजवळ प्रत्येकाला होतं. नवीन मिठातल्या काही घटकांनी एखादा दिवस फेस जास्त येतो, किंवा संपमधली लेव्हल वाढलेली असते. क्लोरीन मारायचं औषध टाकलं असेल तर मग तो चांगलाच वेडा होतो. कप रिकामा करा, स्किमरची पातळी खाली घ्या, हवा चालू राहू द्या, दोन दिवसांत बसतो. घाबरायचं काम नाही.

आता पाणी कुठनं आणलं ते सांगा

बेळगाव शहराचं नळाचं पाणी राकसकोप आणि हिडकलचं. पिण्याला चांगलं, पण त्यात क्लोरीन असतं, आणि पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की घराच्या संपात आपण वरनं ब्लीचिंग पावडर टाकतो ती वेगळीच. आरओच्या कार्बन फिल्टरचा दम संपला की हे क्लोरीन मेम्ब्रेन खराब करतं आणि पुढं टँकपर्यंत पोचतं. बोअरचं पाणी असेल तर क्षार आणि शेताजवळ असाल तर नायट्रेट. घराचा संप नवीन बांधलेला असेल तर सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. हे सगळं एका छोट्या टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरनं पकडता येतं असं नाही (क्लोरीन त्यात दिसत नाही, त्याची वेगळी पट्टी मिळते), पण टीडीएस शून्य येत नसेल तर ते पाणी रीफला नको एवढं नक्की. त्यासाठी आरओच्या पुढं उरलेले क्षार पकडणारं डीआय रेझिन लागतंच.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरायचं काय, हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. नको. त्याचं कारण मी माझ्याच टँकवर बघितलंय.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या डीआयचं रेझिन संपलं होतं, नवीन यायला आठवडा लागणार होता, म्हणून मी एकदाच, फक्त एकदाच, घरच्या पिण्याच्या आरओचं पंचवीस लिटर वापरलं. सॅलिनिटी ३५, तापमान २६, सगळं बरोबर. दोन तासांनी क्लीनर श्रिम्प उलटा होऊन पाय झाडायला लागला. तो माझ्या हातावर चढून नखं साफ करायचा, दोन वर्षं जुना होता. मग टर्बो गोगलगायी एकेक करून वाळूवर, तोंड उघडं टाकून. झोआ गच्च मिटलेले. आणि मासे? मासे मजेत पोहत होते, खायला मागत होते. अमोनिया शून्य, अल्कॅलिनिटी तीच. मला काही सुचेना. शेवटी बायको म्हणाली, "अहो, मागच्या महिन्यात सर्व्हिसवाला आलता, त्यानं तांब्याचं काहीतरी घातलंय म्हणालता की, पाणी आरोग्याला चांगलं म्हणून." उघडून बघितलं, कॉपरचा कार्ट्रिज. माणसाला चांगलं ते कोळंबीला, गोगलगायीला आणि कोरलला विष, अगदी थोडकं असलं तरी.

ही खूण पाठच करा. मासे ठीक आणि बिनकण्याचे जीव मरताहेत, तर आधी तांब्याचा संशय घ्या. घरातली तांब्याची घागर, पितळी कळशी, नळाची पितळी तोटी, यातलं काहीही मिठाच्या पाण्याला लागता कामा नये. बादली प्लास्टिकची, फक्त टँकची, तिच्यात कधी साबण पडलेला नसावा. कॉपरचं टेस्ट किट घेऊन बादलीचं पाणी आणि टँकचं पाणी दोन्ही तपासा, धातू ओढणारं फिल्टर माध्यम मिळतं ते लावा, आणि इथं मात्र मी म्हणेन की पाणी परत बदला, मोठं बदला, पण शून्य टीडीएसच्या, रात्रभर फिरवलेल्या, टँकच्याच तापमानाच्या पाण्यानं. श्रिम्प, गोगलगायी दुसऱ्या कुणाच्या टँकमध्ये हलवता आल्या तर तेवढे जीव वाचतील.

विष हातावरनंही येतं. आपला निपाणी-चिकोडी पट्टा तंबाखूचा, चुना-तंबाखू मळलेला हात नुसता चड्डीला पुसून टँकमध्ये घालणारे लोक मी बघितलेत. निकोटीन मासे आणि कोळंबी दोघांनाही मारतं. हात साध्या पाण्यानं कोपरापर्यंत खळखळून धुवा, साबण, सॅनिटायझर, तेल काही नको, जमलं तर लांब हातमोजे घाला. आणि ज्या खोलीत पाणी बदलताय तिथं त्या दिवशी डासांची कॉइल, झुरळांचा स्प्रे मारू नका. त्यातलं औषध हवेतनं बादलीत, स्किमरमधनं टँकमध्ये जातं.

गोव्याहून समुद्राचं पाणी आणणाऱ्यांसाठी

चोर्ला घाटातनं कॅन भरून आणणारे बरेच आहेत, स्वस्त पडतं आणि उन्हाळ्यात पाणी चांगलंही असतं. पण पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे नको. नद्यांचं गोडं पाणी किनाऱ्यापर्यंत पसरलेलं असतं, गाळ असतो, सॅलिनिटी फारच खाली असते. एरवीही खाडीच्या, बंदराच्या तोंडाशी भरू नका. घरी आणून गाळा, काळोखात फिरतं ठेवा, मोजा, मगच वापरा. आणि फक्त पाणी आणा. खडकावरनं कोरलचा तुकडा उचलून आणायचा मोह होतो, पण आपल्या समुद्रातलं कठीण कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे, तो गुन्हा आहे, आणि तसंही तो तुकडा घाट चढेपर्यंत जगत नाही.

दुरुस्ती किती वेगानं करायची

सॅलिनिटी खाली आली असेल तर दिवसाला एक, फार तर दीड पीपीटीनं वर. सोपा मार्ग म्हणजे आटलेल्या पाण्याच्या जागी गोड्याऐवजी खारं घालत जायचं, त्यानं भागलं नाही तर थोडं पाणी काढून जरा जास्त खारं घालायचं, आणि तोवर एटीओ बंद. निपाणीच्या पोराला २९ वरनं ३५ ला यायला सहा दिवस लागले, तीन गोगलगायी गेल्या, बाकी वाचलं. सॅलिनिटी जास्त झाली असेल तर टँकचं थोडं पाणी काढून आरओचं घालायचं, तेही दोन दिवसांत विभागून. तापमान घसरलं असेल तर गरम पाणी ओतू नका, हीटरला त्याच्या वेगानं काम करू द्या. अमोनिया दिसला तर खाद्य बंद, हवा जास्त, आणि तयार पाणी असेल तर पंधरा-वीस टक्के बदला, पण क्लोरीनचं औषध टाकलं असेल तर काही टेस्ट किट खोटा अमोनिया दाखवतात हेही लक्षात ठेवा.

एका वेळी एकच गोष्ट करा आणि वहीत लिहा. वेळ, आकडा, काय केलं.

कोरलचं म्हणाल तर थोडा धीर लागतो. पाणी काढताना उघडं पडलेलं कोरल दोन-चार तास मिटलेलं राहणं ठीकच आहे, झोआ एखादा दिवस घेतात, टोडस्टूल लेदर तर आठवडाभर मेणासारखी साल धरून बसतो आणि ती टाकली की पुन्हा फुलतो. पण हॅमर दुसऱ्या दिवशीही फुगला नाही तर अल्कॅलिनिटी परत मोजा. त्याच्या सांगाड्यावरनं मांस सुटत असेल किंवा तपकिरी, जेलीसारखं काही दिसत असेल तर थांबू नका, ते बारीक नळीनं ओढून घ्या आणि तो तुकडा लगेच बाहेर वेगळ्या भांड्यात काढा, नाहीतर शेजारच्यांना लागतं.

सगळं उघडलं, गोगलगायी काचेवर परत चढल्या, की पुढचं पाणी एक आठवड्यानं, दहा टक्केच, त्याच मिठाचं, आदल्या रात्रीच कालवून हीटर-पंप लावून ठेवलेलं. सकाळी बादलीत टीडीएस नाही, सॅलिनिटी बघायची (टीडीएस मीठ टाकण्याआधीच बघायचा), मग अल्कॅलिनिटी, मग तापमान. तिन्ही टँकशी जुळले की एटीओची पिन काढा आणि नळी लावा.